चार टन दोनशे

माझं काम हातांचं.
तर्जनी वर धरून फिरवली की वर,
खाली धरून फिरवली की खाली,
आंगठा वर केला की बूम उचलतो.
आणि मूठ मिटली की
जे जिथे असेल तिथेच थांबतं :
दीडशे टनांची क्रेन, तिचा दोर, हुक,
आणि हुकाला लटकलेलं जे काही असेल ते.

वर काचेच्या पेटीत लखींदर महतो.
गाव त्याचं गुमल्याकडे, डोंगरात.
समुद्र त्याने वेलदूरला येऊन पाहिला,
तोही आधी वरूनच.
वॉकीटॉकीवर सांगतो मला,
आज पाणी कुठे काळं दिसतंय, किती लांब.
मी घरी बोलत नाही.
मासळीचा पत्ता क्रेनवाल्याकडून कळला
तर बाप त्या दिशेला जाळं टाकायचा नाही.

कोजागिरीच्या आदल्या रात्री वारा फिरला.
सकाळी बघतो तर आमची नवलाई
नांगराचा दोर तोडून चौदाव्या खांबापाशी.
काँक्रीट भरायचं बाकी होतं तिथे,
सळयांच्या उघड्या पिंजऱ्यात नाळ घुसवून
आडवी पडलेली.
भरती चढत होती.
बाप पुतण्याच्या डोणीत उभा राहून
वल्ह्याने रेटत होता, शिव्या देत होता
लोखंडाला, पुलाला, मला.

सेफ्टीचे दातारसाहेब चिपळूणला गेलेले.
मी वर पाहिलं.
लखींदरने काहीच विचारलं नाही,
वॉकीटॉकीवर नुसता त्याचा श्वास.
मग मी एका तळव्याखाली
दुसऱ्या हाताचं बोट धरलं.
म्हणजे, हळू.

बेल्ट बापानेच घातले, पाण्यात उतरून.
कुठल्या वाकावर जोर पेलेल
ते त्यालाच ठाऊक.
दोर ताणला. पाणी तिला सोडेना, सोडेना,
मग एकदम सोडलं.

लोडखाली उभं राहायचं नसतं.
माझ्या हेल्मेटवरच लिहिलंय ते.
तरी मी दोन पावलं आत गेलो.
दर पावसाळ्याआधी ओढतो आम्ही तिला वर,
पण तेव्हा पठाण रेतीत रुतलेलं असतं.
खालून ती मी कधी बघितलीच नव्हती.
कालवं चिकटलेली, शेवाळ ठिबकत होतं माझ्या तोंडावर,
आणि पठाणाला लागून एक फळी वेगळी,
फणसाची,
तिच्यात कडीचं भोक, राळेने बुजवलेलं.

मी तिसरीत असताना
आमच्या मागच्या दाराला दोन वर्षं गोणपाट होतं.
दार वाळवीने खाल्लं, असं सांगितलं होतं आम्हाला.

माझी मूठ कधी मिटली कळलं नाही.
नवलाई हवेत थांबली.
लखींदर वरून ओरडला, क्या हुआ?
बाप कमरेएवढ्या पाण्यातून बघत होता,
होडीकडे नाही, माझ्याकडे.
मी बोट खाली धरून फिरवलं.

मोकळ्या पाण्यात त्याने तिला अशी ठेवली
की लाटेलाही पत्ता लागला नाही.
"किती भरली?" बापाने विचारलं.
वरून आकडा आला, चार टन दोनशे.
"पानी धरून?"
"पानी धरून."
"मंग ठीक," तो म्हणाला,
आणि जेट्टीच्या कडेला बसून राहिला,
विडी न पेटवता.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी मशीनमधला आकडा पाहिला.
चौदावर काय उचललंत?
मी म्हटलं, अडकलेलं होतं काहीतरी.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि पान उलटलं.

दाराचं मी बापाला विचारलेलं नाही.
त्या रात्री जेवताना
आई भात वाढत होती.
बापाने ताटावर हात नेला
आणि मूठ मिटली.
आई वाढतच राहिली.